फळ्याचा डावा कोपरा

“हा कागद तुमच्याकडेच ठेवा,” मावशी म्हणाल्या आणि चार घड्या घातलेली लोडशीट त्यांनी वाफेवाल्यांच्या हातात जवळजवळ कोंबलीच. “फाइलला लावली नाही मी. लावणारही नाही.”

सोमवारची सकाळ होती, आठ वाजायला दहा मिनिटं. इस्पितळाच्या तळघरातल्या या विभागात दिवसाची पहिली वाफ अजून भरायची होती. वाफेच्या दोन्ही यंत्रांची, ऑटोक्लेव्हची, जाड दारं उघडी होती आणि पॅकिंगच्या टेबलावर हिरव्या कापडांची चळत तशीच पडून होती. वाफेवाल्यांनी घडी उलगडली नाही. आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. खाली उजव्या बाजूला त्यांची स्वतःची सही होती आणि सहीशेजारचा वेळेचा रकाना कोरा होता.

“मावशी, असं कसं चालेल?”

“चालेल. फळ्यावर लिहिलंय मी, माझ्या हातानं लिहिलंय. संपला विषय.”

असं म्हणून त्या टोपीत केस खोचायला लागल्या. मावशींनी विषय संपला म्हटलं की तो संपायचा, हा तळघरातला सव्वीस वर्षांचा रिवाज होता. आतापर्यंतचे चार सुपरवायझर तो पाळत आले होते आणि वाफेवाले त्यातले चौथे.

त्यांना वाफेवाले हे नाव वरच्या मजल्यांनी दिलेलं. वॉर्डात, ऑपरेशन थिएटरमध्ये, अगदी लिफ्टमध्येसुद्धा लोक त्यांना त्याच नावाने हाक मारत. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, मोजायची, बांधायची, वाफेत घालून निर्जंतुक करायची आणि वर पाठवायची, एवढंच त्यांचं काम. ते नीट झालं तर कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. एकविसाव्या वर्षी मदतनीस म्हणून लागलेला हा माणूस अडतिसाव्या वर्षी सुपरवायझर झाला होता आणि आता इस्पितळानेच त्यांना व्यवस्थापनाच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला घातलं होतं. वर्ग दर शनिवारी दुपारी तीन ते सहा, दोन वर्षं. पदविका हातात आली की ते मॅनेजर होणार, हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं. घरी बायकोने त्यांच्यासाठी दोन फिकट रंगाचे शर्टसुद्धा आणून ठेवले होते.

भिंतीवरचा तो पांढरा फळा ही वाफेवाल्यांचीच करणी. म्हणजे खरं तर सरांची.

सर त्यांना कामकाज व्यवस्थापन शिकवत. सरकारी बॉयलर तपासनीस म्हणून निवृत्त झालेला किडकिडीत माणूस, आवाज मात्र भोंग्यासारखा. वर्गात आले की पहिल्यांदा टेबलावर एक वेताची टोपली ठेवायचे. सगळ्यांनी आपापला फोन बंद करून त्यात टाकायचा. “तीन तास तुमच्या साहेबांना तुमच्याशिवाय जगू द्या,” म्हणायचे, “सवय होईल त्यांना.” तीनच्या ठोक्याला दार लावायचे. उशिरा येणाऱ्याला हजेरी नाही, आणि तीन हजेऱ्या बुडाल्या की परीक्षेला बसता येत नाही. मग फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आखून त्यात लिहायचे, ‘मागच्या वेळची माझी चूक.’ पहिल्याच महिन्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘उदाहरणातला भागाकार चुकलो. तिघांच्या लक्षात आलं, कोणी बोललं नाही. ती दुसरी चूक, आणि ती तुमची.’ वर्गात बँकेतला कॅशियर होता, बाटल्यांच्या कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज होता, औषधं विकणाऱ्या दोघीजणी होत्या. सगळे दिवसभर वरिष्ठांसमोर आपली चूक झाकण्यात तरबेज झालेले. फळ्यावरची ती ओळ वाचून त्यांना आधी हसू आलं आणि मग हळूहळू ओशाळल्यासारखं झालं.

वाफेवाल्यांना तर तो कोपरा वेड लावून गेला. दुसऱ्याच सोमवारी त्यांनी तळघरात फळा लावला, वर लिहिलं ‘कालची चूक’, आणि खाली स्वतःची पहिली चूक. सगळ्यांना गोळा करून शब्द दिला की या फळ्यावर जो लिहील त्याला शिक्षा नाही. महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग एक दिवस मावशींनी लिहिलं, ‘दोन कात्र्या मोजायच्या राहिल्या.’ त्यांनी लिहिल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली. वर्षभरात चुका निम्म्यावर आल्या, वरून कौतुक झालं, प्रशासक मॅडमनी पाहुण्यांना मुद्दाम तळघरात आणून फळा दाखवला.

आता त्याच फळ्यावर मावशींच्या ठसठशीत अक्षरात होतं, ‘शनिवार. तिसरा लोड. दिवा लागायच्या आत मी दिला. तांबडा लागला.’

झालं होतं ते असं. हाडात बसवायच्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू वाफेत घालताना त्यांच्याबरोबर एक लहानशी कुपी ठेवतात. कुपीत मुद्दाम जंतू ठेवलेले असतात, चिवटातले चिवट. ते मेले तर बाकीचेही मेले असं धरायचं. लोड, म्हणजे एका वेळी वाफेत घातलेलं सामान, बाहेर आला की ती कुपी एका यंत्रात तीन तास ठेवायची. हिरवा दिवा लागला तर सुपरवायझरने सही करायची आणि मगच लोड वर जाऊ द्यायचा. तांबडा लागला तर सगळं परत वाफेत. शनिवारी तिसऱ्या लोडचा दिवा लागायचा साडेचारच्या सुमाराला, आणि सरांचं दार लागायचं तीनला. म्हणून वाफेवाले सव्वादोनला लोडशीटवर आधीच सही करून निघायचे. जाताना म्हणायचे, “वेळ तेवढी तुम्ही टाका, मावशी.” गेले अकरा महिने असंच चाललं होतं आणि दर शनिवारी दिवा हिरवाच लागत होता.

या शनिवारी साडेतीनला वरून फोन आला. ऑपरेशनच्या टेबलावर एका बाईची मांडी उघडी होती, हाताशी असलेली पट्टी आखूड पडत होती, आणि हव्या त्या मापाची पट्टी नेमकी तिसऱ्या लोडमध्ये होती. डॉक्टर घाई करत होते. मावशींनी वाफेवाल्यांना चार वेळा फोन केला. फोन वेताच्या टोपलीत होता. मग मावशींनी लोडशीटकडे पाहिलं. सही तर होती. त्यांनी पट्टी दिली. साडेचारला दिवा तांबडा लागला तेव्हा ती पट्टी बाईच्या हाडाला स्क्रूने घट्ट बसलेली होती. मावशींनी त्याच मिनिटाला थिएटरच्या सिस्टरना कळवलं. डॉक्टरांनी जास्त ताकदीची औषधं सुरू केली आणि सोमवारपर्यंत कुठे बोलू नका म्हणाले.

त्या तीन तासांत वाफेवाले पहिल्या बाकावर बसून ‘जबाबदारी सोपवणे’ या प्रकरणाचं टिपण काढत होते. हे आठवलं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

दुपारी प्रशासक मॅडमनी त्यांना वर बोलावलं. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. आवाज न चढवता बोलायच्या आणि समोरच्याला आधी बसायला सांगायच्या. त्यांनी फळ्याचा फोटो काढून घेतला होता. लोडशीट सापडत नाही, म्हणजे मावशींनी ती केलीच नसणार आणि सहीशिवाय लोड सोडला असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मावशींनी स्वतःच लिहून दिलंय, तेव्हा गुरुवारच्या चौकशीत फार वेळ जाणार नाही. त्यांना राजीनामा द्यायला सांगू, निरोप सन्मानाने देऊ. पेशंटला आत्ताच काही सांगून घाबरवण्यात अर्थ नाही, काही झालंच तर संमतीपत्रावर गुंतागुंतीचा उल्लेख आहेच.

“मॅडम, त्या फळ्यावर लिहिणाऱ्याला शिक्षा नाही असा मी शब्द दिलाय.”

“तुम्ही दिलाय,” मॅडम म्हणाल्या. “इस्पितळानं नाही.”

वाफेवाल्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. ते बरं म्हणाले आणि उठले. जिना उतरताना आत कुठेतरी हायसं वाटत होतं. या हायसं वाटण्याची त्यांना जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मावशी त्यांच्या घरी येऊन गेलेल्या, धाकटीच्या बारशाला त्यांनी स्वतः शिवलेली दुपटी दिलेली. बायको मान खालीच ठेवून म्हणाली, “त्यांची दीड वर्षं राहिलीत. आपली वीस.” आणि पुन्हा कणीक मळायला लागली, गरजेपेक्षा जास्त जोराने. वाफेवाल्यांनी कागद कपाटात नेऊन पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेखाली ठेवला.

बुधवारी ते सरांच्या घरी गेले. दोन खोल्यांच्या त्या घरात खुर्चीवर, पलंगावर, खिडकीत, जिथे तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. सरांनी एक गठ्ठा उचलून त्यांना बसायला जागा केली, स्वतः स्टुलावर बसले आणि सगळं ऐकून घेतलं. वर्गात भोंग्यासारखा वाटणारा तो आवाज घरात अगदीच बारीक होता.

“किती महिने आधी सही करून येत होतात?”

“अकरा.”

“पहिल्या बाकावर बसायला.”

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले.

“मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही,” ते म्हणाले, “की तीन वाजता इथं पोचायला तुम्ही तिथं काय सोडून येता. कोणालाच नाही विचारलं. हजेरी पूर्ण असली की मला बरं वाटायचं.”

“तुमची काय चूक, सर?”

“त्या कोपऱ्यात मी काय लिहितो, आठवून बघा. भागाकार चुकला. तारीख चुकली. पान नंबर चुकला.” सरांनी चष्मा काढून हातात धरला. “नोकरीत असताना एका कारखान्याच्या बॉयलरचं प्रमाणपत्र मी खुर्चीत बसून दिलं. तपासायला गेलोच नाही. त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. पुढं काही झालं नाही. काहीच झालं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. पण त्या रस्त्यानं मी अजून जात नाही. लांबून वळसा घालतो. ते कधी लिहिलं मी फळ्यावर?”

वाफेवाले आधार मागायला आले होते आणि समोरचा माणूसच खचल्यासारखा दिसत होता. शेवटी त्यांनी विचारलं, मी काय करू.

“राहू द्या, असं मी म्हणेन म्हणून आलात का?”

वाफेवाल्यांनी मान खाली घातली. खरं तर त्यासाठीच ते आले होते.

“तसं मी म्हणणार नाही. आणि जा, सांगून टाका, असंही म्हणणार नाही. नोकरी तुमची आहे, माझी पेन्शन सुरू आहे. माझ्या तोंडी ते शोभत नाही.”

घरी परतताना त्यांना सरांचा राग आला. मोठी मोठी तत्त्वं शिकवणारा माणूस नेमक्या वेळी हात झटकून मोकळा झाला, असं मनात आलं. पण घर जवळ येता येता तो राग ओसरला. त्या स्टुलावर बसून सरांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना कोणी भाग पाडलं नव्हतं, हे वाफेवाल्यांना नाकारता येईना.

गुरुवारी सकाळी त्यांनी इस्त्री केलेला शर्ट अंगात घातला. वरच्या खिशात काहीतरी खरखरलं. चार घड्यांचा कागद. बायको पाठमोरी उभी राहून डबा भरत होती.

“राहून गेला असता,” ती म्हणाली. “म्हणून ठेवला.”

चौकशीला पाचजण होते. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेल्या. त्या काही बोलायच्या आत वाफेवाल्यांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला, त्याच्या घड्या तळहाताने सारख्या केल्या आणि सव्वादोनची सही, अकरा महिने, टोपलीतला फोन, सगळं सांगून टाकलं. दोन गोष्टी त्यांनी मागितल्या. मावशींना काही करू नका आणि पेशंटला खरं काय ते सांगा.

मॅडमना सहीपेक्षा कागद इतके दिवस दडवून ठेवल्याचा राग जास्त आला. दीड तासानंतर निर्णय झाला. वाफेवाले निलंबित, मॅनेजरची जागा दुसऱ्याला, शनिवारची सवलत रद्द. आता सगळेच शनिवार मोकळे होते म्हणा. मावशींची नोकरी वाचली, पण त्यांना चादरींच्या कोठारात हलवलं. पेशंटबद्दल डॉक्टर योग्य वेळी बघतील असं ठरलं. त्याच दुपारी तळघरातला फळाही काढून नेला.

मावशी आभार मानतील असं वाफेवाल्यांना वाटलं नव्हतं, पण त्या इतक्या चिडतील असंही वाटलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी वाफेवाल्यांना थांबवलं.

“तुमचं मन मोकळं झालं,” त्या म्हणाल्या. “मला आधी विचारायचं होतंत.”

“मावशी, तुम्ही माझ्यासाठी...”

“तुमच्यासाठी नाही. मी दिली पट्टी. सही बघून दिली, पण दिवा लागला नव्हता हे मला दिसत होतं. माझी चूक मी लिहिली होती. तीही तुम्ही माझ्याकडनं काढून घेतलीत.” त्यांचे डोळे भरून आले होते. ते पुसायच्या भानगडीत न पडता त्या चादरींच्या कोठाराकडे चालू लागल्या. वाफेवाले तिथेच उभे राहिले. आपण बरोबर केलं, तरी या बाईचं देणं आपल्याकडून फिटलं नाही, हे त्यांना कळत होतं आणि त्याला इलाज नव्हता.

शनिवारी ते वर्गाला गेले. टोपलीत फोन टाकताना वाटलं, आज तो बाहेर राहिला तरी कोणी फोन करणार नव्हतं. सरांनी दार लावलं नाही. डावा कोपरा आखला आणि लिहायला लागले. बॉयलर, खुर्ची, पाहुणे, सगळं लिहिलं. चौकोनात मावेना तेव्हा चौकोनाबाहेर लिहीत गेले. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, ‘हजेरी मोजली, माणसं कुठून येतात ते विचारलं नाही.’ मग मागून शिफ्ट इन्चार्जने विचारलं की हे परीक्षेला आहे का. दोघेतिघे हसले. सर हसले नाहीत. “नाही,” म्हणाले आणि हात झटकून शिकवायला लागले. शिफ्ट इन्चार्ज मात्र त्यानंतर तासभर वहीत काही न लिहिता बसून होता.

नवव्या दिवशी बाईची जखम लाल झाली आणि ताप चढला. पट्टी काढून, जखम धुऊन, दुसरी पट्टी घालावी लागली. आता मात्र डॉक्टरांनी ताणून धरलं नाही. बाईंना सगळं सांगितलं. वाफेवाल्यांनी भेटायची परवानगी मागितली. मॅडमनी ती दिली नाही, म्हणून ते सगळ्यांसारखे चार ते सहाच्या भेटीच्या वेळेत गेले.

बाई पन्नाशीच्या होत्या. शाळेचे गणवेश शिवायच्या, पायाच्या मशीनवर. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, कारण आल्यागेल्या प्रत्येकाला त्या एकच विचारत होत्या, पाय पुन्हा मशीनवर चालेल ना. वाफेवाल्यांनी आपण कोण ते सांगितलं. स्टूल होतं, पण ते बसले नाहीत. पाठ करून आलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली आणि जे झालं ते जसं आठवेल तसं त्यांनी सांगितलं.

“म्हणजे तुम्ही तिथं नव्हतात,” बाई म्हणाल्या.

“नव्हतो. पण सही माझी होती.”

“कुठं गेला होतात?”

“शिकायला. व्यवस्थापनाचा वर्ग असतो, दर शनिवारी.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता, पण आवाजात नव्हता.

“काय शिकवतात तिथं?”

वाफेवाल्यांना दोन वर्षांची पुस्तकं आठवली, टिपणं आठवली. त्यातलं काहीच या खाटेशी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

“आमचे एक सर आहेत,” ते शेवटी म्हणाले. “ते आधी फळ्यावर स्वतःची चूक लिहितात. मग शिकवायला लागतात.”

“आणि मग?”

“मग काही नाही. शिकवायला लागतात.”

बाईंनी आपल्या पांढऱ्या बँडेजमध्ये गुंडाळलेल्या पायाकडे पाहिलं. बरं, ठीक आहे, माफ केलं, यातलं काहीच त्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाठ हलवून बघितली आणि चेहरा वाकडा केला.

“ही खाट डोक्याकडनं जरा वर होते का? सकाळपासून सांगतेय सगळ्यांना.”

वाफेवाले खाटेच्या पायथ्याशी गेले, खाली बसले आणि हँडल फिरवायला लागले. ते गंजलं होतं, कुरकुरत होतं. पायाला हिसका बसू नये म्हणून ते अगदी सावकाश फिरवत होते.

“एवढं पुरे?”

“अजून थोडं.”

त्यांनी पुन्हा हँडल धरलं आणि बाई बस म्हणेपर्यंत फिरवत राहिले.